डबी घासता येते, कागद नाही

बकरी ईदला भाचा पुण्याहून कन्नडला आला, तेव्हा त्याच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत गुंडाळलेली एक प्लास्टिकची डबी होती. पोस्टकार्डापेक्षा किंचित लहान, चपटी, काचेसारखी पारदर्शक. आत पोकेमॉनचे एक कार्ड, वर लाल किनारीचे लेबल आणि लेबलावर आकडा: ९. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या पोराने खर्चाला मिळालेले पैसे वाचवून ही वस्तू घेतली होती. बसमध्ये किल्ल्यांच्या जुडग्यावर घासून डबीवर ओरखडे पडले, म्हणून त्याचा चेहरा उतरला होता.

"मामू, तुमचं लॅमिनेशनचं दुकान होतं ना? हे ओरखडे काढता येतील?"

मी बावीस वर्षे तहसीलसमोर झेरॉक्स-लॅमिनेशनचे दुकान चालवले. प्लास्टिकबद्दल कन्नडमध्ये कुणाला विचारायचे, तर मलाच. ओरखडे काढून दिले. पण त्या दुपारी त्याला जे सांगितले आणि जे सांगायला जीभ रेटली नाही, ते दोन्ही इथे लिहितो आहे. कारण हा विषय पोरांच्या खेळाचा वाटला, तरी त्याचे दुसरे टोक आपल्या घरातल्या पेटीत आहे.

आधी त्या डबीबद्दल. अमेरिकेत १९९१ पासून पीएसए नावाची कंपनी संग्राह्य कार्डे तपासून त्यांना १ ते १० असे गुण देते. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई मध्यावर आहे की नाही, हे पाहून आकडा ठरतो. मग कार्ड कडक प्लास्टिकच्या दोन भागांत ठेवून कडा कायमच्या जोडून टाकतात. या डबीला संग्राहक 'स्लॅब' म्हणतात. नोटांसाठीही असेच चालते. २००५ साली सुरू झालेली पीएमजी ही कंपनी कागदी नोटांना ७० पैकी गुण देते आणि पारदर्शक पाकिटात बंद करून परत पाठवते. भारतातले नोटांचे संग्राहकही आता हे आकडे पाहून भाव करतात.

या सगळ्यात माझ्यासारख्या लॅमिनेशनवाल्याचे लक्ष वेधणारी गोष्ट एकच. डबीच्या आत कार्ड मोकळे असते. त्याला कुठेही गोंद लागलेला नसतो. डबी फोडली की कार्ड जसे आत गेले तसेच बाहेर येते. डबी फोडल्यावर त्या आकड्याला अर्थ राहत नाही हे खरे, पण कार्डाला काही होत नाही. डबीला तडा गेला तर तीच कंपनी पैसे घेऊन कार्ड नव्या डबीत घालून देते. म्हणजे मार खायचे काम डबीचे. ओरखडा डबीवर पडला, याचा अर्थ तिने आपले काम केले.

भाच्याच्या डबीचे मी काय केले तेही सांगतो, कारण इंटरनेटवर नको ते सल्ले फार आहेत. आधी मऊ ब्रशने धूळ झटकली. धुळीचा कण तसाच ठेवून कापड फिरवले तर आपणच नवे ओरखडे पाडतो. मग मायक्रोफायबरचे कापड जेमतेम ओलसर करून पुसले. डबीवर पाणी ओतायचे नाही, ती पाण्यात बुडवायची तर नाहीच. कडा जोडलेल्या असल्या तरी सगळ्या डब्या पाणीबंद नसतात आणि फटीतून एक थेंब आत गेला तर कार्डावर डाग पडतो. त्यानंतर प्लास्टिकसाठी मिळणारे पॉलिश वाटाण्याएवढे कापडावर घेऊन, हलक्या हाताने, जोडाच्या कडेपासून दूर राहून फिरवले. पॉलिश डबीवर थेट ओतले नाही. बारीक ओरखडे गेले. नखाला लागणारा एक खोल ओरखडा मात्र राहिला आणि तो मी राहू दिला. पॉलिश कागद मारून तोही काढणारे लोक आहेत, पण त्या घासण्यात प्लास्टिक पातळ होते, धुरकट होते आणि लेबलावरचा आकडा दिसेनासा होतो.

अॅसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचे द्रव, अशा डबीला लावू नये. कडक प्लास्टिक त्याने विरघळते आणि पांढरे पडते. काच पुसायच्या अमोनियावाल्या फवाऱ्यानेही काही प्लास्टिक धुरकट होते. टूथपेस्टने घासणारे खूप आहेत. ओरखडा फिकट होतो, कारण टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते. पण ती पूड किती बारीक, हे ट्यूबवर लिहिलेले नसते. आणि उन्हाला तर डबीचा काहीच उपाय नाही. खिडकीत मांडलेल्या कार्डाचा रंग डबीच्या आतही उडतो. ते कपाटातच ठेवायचे.

एवढे झाल्यावर भाचा खूश झाला. डबी उजेडात फिरवून पाहताना त्याची नजर भिंतीवरच्या जुन्या फ्रेमकडे गेली. "मामू, दादाजानच्या नोटेलाही अशी डबी घेऊ या?"

ती फ्रेम आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझे आजोबा साठच्या दशकात मुंबईहून जहाजाने जेद्दाला गेले होते. तेव्हा कन्नडहून हजला जाणे म्हणजे आधी मुंबईच्या मुसाफिरखान्यात मुक्काम, मग समुद्रात आठवडाभर. मुंबईहून जहाजाने हजला जाणे १९९५ पर्यंत चालू होते. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने हजच्या प्रवाशांसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या वेगळ्या नोटा काढल्या. नेहमीच्या नोटेपेक्षा रंग वेगळा, नंबराच्या आधी एच-ए ही अक्षरे आणि नोटेवर इंग्रजीत 'हज' असा छाप. आपल्या बाजारात चालवण्यासाठी त्या नव्हत्याच, तिकडे गेल्यावर बदलून घ्यायच्या. पुढे त्या बंद झाल्या. आजोबांनी दहाची एक नोट खर्च न करता परत आणली. जमजमच्या डब्यासोबत, तसबीहसोबत ती पेटीत राहिली. जुन्या नोटांना असतात तशी बँकेच्या पिनेची दोन भोके तिलाही होती.

मध्यंतरी शंभराची एक हज नोट लंडनच्या लिलावात छप्पन्न लाख रुपयांच्या वर गेल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली. आमच्याकडे तीन-चार जणांनी ती फोनवर पाठवली. आमची नोट दहाची, पिनेची, घडीची. तिला लाखो रुपये कुणी दिले नसते आणि आम्हालाही ती विकायची नव्हती. पण एखाद्या जाणकाराने ती हातात घेऊन, मागेपुढे करून, उजेडात धरून पाहिली असती. आता तेही होणार नाही, कारण मी ती लॅमिनेट केली आहे.

दुकान नवीन होते. यंत्र घरी आणल्यासारखा आनंद होता. अब्बा म्हणाले, "ही नोट फाटत चालली, काही कर." मी ती पाऊचमध्ये घालून यंत्रातून काढली. चकचकीत होऊन बाहेर आली तेव्हा अब्बांच्या डोळ्यांत पाणी आले होते. त्या पाण्याची आठवण आहे, म्हणून भाच्याला त्या दुपारी खरे सांगायला वेळ लागला.

लॅमिनेशनच्या पाऊचला बाहेरून पॉलिएस्टर असते आणि आतून उष्णतेने वितळणारा गोंदाचा थर. यंत्राचे रोलर शंभर अंशांच्या वर तापतात. गोंद वितळतो, कागदाच्या धाग्यांत शिरतो आणि थंड होताना तिथेच बसतो. त्यानंतर कागद आणि प्लास्टिक या दोन वस्तू उरत नाहीत. सोलायला गेलात तर अक्षरे प्लास्टिकसोबत येतात. फ्रीजमध्ये ठेवून किंवा इस्त्री फिरवून लॅमिनेशन काढण्याचे व्हिडिओ पाहून माझ्याकडे अर्धे कागद घेऊन आलेली माणसे मी पाहिली आहेत. प्रयोगशाळेत एखादा जाणकार रसायनांनी प्रयत्न करू शकतो, तोही जोखीम पत्करूनच.

बावीस वर्षांत या यंत्राने काय काय केले ते मला माहीत आहे. एटीएमसारख्या उष्णतेवर छापलेल्या पावत्या आत जाताना पांढऱ्या होत्या, बाहेर येताना काळ्या. लाखेची मोहर असलेला कागद एकदा घातला तर लाख चपटी होऊन पसरली. आखातात नोकरी लागलेल्या पोरांनी पदवीची प्रमाणपत्रे लॅमिनेट करून घेतली आणि पुढे साक्षांकनाच्या वेळी अडकले, कारण प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. तरी मी लॅमिनेशन करत राहिलो. गिऱ्हाईक मागते, आपण देतो. एका पानाचे वीस रुपये.

आणि मग २०१९ चा डिसेंबर आला. नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला, पाठोपाठ एनआरसीच्या चर्चेने घराघरांत धाक बसला. कन्नड शहर, पिशोर, चिकलठाण, नाचनवेल, कुठून कुठून माणसे येत होती. आईच्या शाळेचा दाखला, आजोबांच्या नावाचा सातबारा, उर्दूत लिहिलेले निजामाच्या काळातले कागद. "भाई, प्लास्टिक करके दो." त्या दोन महिन्यांत मी जेवढे लॅमिनेशन केले तेवढे आधीच्या दोन वर्षांत केले नसेल. एक म्हातारी रुमालात बांधलेला कागद घेऊन आली होती. घडीवर चार तुकडे झालेला, पण शाई ठसठशीत. मी ते तुकडे नीट जुळवून यंत्रात घातले. तिने दुआ दिली. तो कागद काय होता ते मी वाचलेही नव्हते.

हे केवळ मुसलमानांचे दुखणे आहे असे समजू नका. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत कन्नड निजामाच्या राज्यात होते. त्या काळचे दफ्तर उर्दूत, त्याआधीचे फारसीत आणि मोडीत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठवाड्यात आली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. ज्या कागदांकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते त्यांवर लोकांचे दाखले ठरू लागले. इनामाच्या चौकशीनंतर दिलेला मुंतखब आजही मशीद-दर्ग्यांच्या जमिनींच्या दाव्यांत पहिल्यांदा विचारला जातो. २०२५ च्या वक्फ दुरुस्तीनंतर 'उमीद' पोर्टलवर कागद चढवण्याची धावपळ झाली, तेव्हाही हेच कागद शोधावे लागले. लॅमिनेट केलेल्या पानाचा फोटो काढताना उजेड चमकतो आणि नेमका शिक्काच दिसत नाही, हे त्या दिवसांत मोबाईल घेऊन बसलेल्या प्रत्येकाने अनुभवले असेल.

शिक्का खरा की खोटा, शाई त्या काळची की नंतरची, कागदात पाणचिन्ह आहे का, हे पाहायचे तर कागद हातात यावा लागतो. आपण भीतीपोटी कागद वाचवला, पण त्याला साक्ष देण्याच्या कामातून बाद केले. माझे म्हणणे एवढेच आहे: जे आवरण काढता येत नाही, ते मौल्यवान कागदावर चढवू नये. पोकेमॉनचे कार्ड विकणाऱ्यांना ही अक्कल आहे. आपल्या आजोबांच्या कागदाच्या बाबतीत आपल्याला ती नसावी, हे मला खटकते, आणि त्यात मी पहिला गुन्हेगार आहे.

यावर मला मिळणारे उत्तर ठरलेले आहे. "पत्र्याच्या घरात राहतो आम्ही. पावसात छत गळते, वाळवी लागते, कसर लागते, पोरे ओढतात. लॅमिनेशन केले नसते तर कागद उरलाच नसता." या उत्तरात तथ्य आहे आणि ते मी हसण्यावारी नेत नाही. ज्यांच्याकडे लोखंडी कपाट नाही, त्यांचे दफ्तरखाने म्हणजे ही वीस रुपयांची प्लास्टिकची पाने. शिवाय जाणकारांच्याही हातून असे झाले आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी जुने कागद सेल्युलोज अॅसिटेटच्या पापुद्र्यात यंत्राने दाबायची पद्धत काढली. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात तेच काम यंत्राशिवाय, अॅसिटोनने, हाताने करायची पद्धत निघाली आणि जगभर ती भारतीय पद्धत म्हणून ओळखली गेली. असंख्य कागद त्या रीतीने झाकले गेले. काही दशकांनी कळले की हा अॅसिटेट स्वतःच कुजतो आणि आम्ल सोडतो. तो निदान अॅसिटोनने विरघळवता तरी येतो, आमच्या पाऊचचा गोंद तसा सहज निघत नाही.

पण म्हणून पर्याय नाही असे मात्र नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने साधी रीत पुढे आणली. पॉलिएस्टरच्या दोन स्वच्छ पानांमध्ये कागद मोकळा ठेवायचा आणि कागदापासून अंतर सोडून फक्त कडा बंद करायच्या. उष्णता नाही, कागदाला गोंद नाही. कडा कापल्या की कागद बाहेर. स्लॅबचे तत्त्वही हेच आणि पीएमजीच्या पाकिटाचेही. असे पॉलिएस्टरचे पाकीट नोटांचे, नाण्यांचे सामान विकणाऱ्यांकडे मिळते. लॅमिनेशनपेक्षा थोडे महाग पडते, पण ईदच्या एका शिरखुर्म्याच्या खर्चात घरातले दहा कागद सुरक्षित होतात. घेताना एक पाहायचे: मऊ, वास येणारे पीव्हीसीचे पाकीट नको. त्यातले तेलकट द्रव्य हळूहळू सुटते. जुन्या अल्बममध्ये तांब्याची नाणी हिरवी आणि चिकट झालेली ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे सांगायला नको.

फार जुना, पिवळा पडलेला, ठिसूळ कागद पूर्ण बंद करू नये. त्याचे आम्ल आतच कोंडते. एक-दोन कडा उघड्या ठेवाव्यात, मागे आम्लविरहित कागद घालावा. शिसपेन्सिलीचे लिखाण किंवा सुटणारी शाई असेल तर पॉलिएस्टरही जपून, कारण त्याच्या विजेने कण ओढले जातात. तुकडे झालेल्या कागदाला सेलोटेप लावू नये. पाकिटे आडवी, कोरड्या डब्यात, जमिनीपासून वर आणि भिंतीला न टेकवता ठेवावीत. ओल धरणाऱ्या भिंतीतूनच वाळवी येते. आणि डबा बंद करण्याआधी दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढून घरातल्या तिघांच्या फोनमध्ये ठेवावेत.

आधीच लॅमिनेट झालेले असेल तर काय? काही करू नका. सोलू नका, कड कापू नका, कापली तर ओल आत शिरते. ते पान सपाट ठेवा, उन्हापासून दूर ठेवा, स्कॅन करून घ्या आणि त्याची प्रमाणित नक्कल कुठल्या कार्यालयातून मिळू शकते ते आजच शोधा.

लॅमिनेशनवाल्या बांधवांना माझी विनंती आहे. यंत्र बंद करा असे मी म्हणत नाही. शाळेचे ओळखपत्र, हॉटेलचे दरपत्रक, मशिदीतले नमाजच्या वेळांचे पान खुशाल लॅमिनेट करा. पण कुणी जुना कागद पुढे केला तर यंत्राचे बटण दाबण्याआधी एक प्रश्न विचारा: "याची दुसरी अस्सल प्रत आहे का?" नाही म्हटले तर पाकीट पुढे करा. दुकानात पन्नास पाकिटे ठेवली तर भांडवल फारसे अडकत नाही. मशिदीच्या ट्रस्टनेही हे मनावर घ्यावे. जुम्याच्या नमाजनंतर पाच मिनिटांत हे समजावता येते आणि मोहल्ल्यातली शिकलेली पोरे एका रविवारी शंभर कागद स्कॅन करून पाकिटात घालू शकतात.

आता भाच्याला सांगितलेली शेवटची गोष्ट. डबीवर फार विश्वास ठेवू नकोस. अमेरिकेत होनस वॅग्नर या बेसबॉल खेळाडूचे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, तंबाखूच्या पाकिटातून मिळालेले एक कार्ड आहे. पीएसएने गुण दिलेले ते पहिलेच कार्ड, आकडा ८. २००७ साली ते अठ्ठावीस लाख डॉलरला विकले गेले. २०१३ साली बिल मास्ट्रो या जुन्या विक्रेत्याने कोर्टात कबूल केले की कार्डाच्या कडा त्याने आधीच कापून सरळ केल्या होत्या. डबी चकचकीत, आकडा मोठा आणि आत कापलेले कार्ड. म्हणून डबी घासून विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला सांगायचे की घासली आहे, खोल ओरखडा दाखवायचा. ऐब लपवून माल विकू नये, हे आपल्याला मदरशात शिकवतात. ते धान्याच्या ढिगाला लागू आहे, तसेच पोकेमॉनच्या डबीलाही.

"आणि दादाजानची नोट?" त्याने पुन्हा विचारले. तेव्हा सांगितले. ती फ्रेममध्ये सुंदर दिसते, पण आत ती नोट आहे आणि मी तिला कायमचे चिकटवून टाकले आहे. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने उठून त्याने फ्रेम भिंतीवरून काढली, कारण दुपारचे ऊन थेट तिच्यावर येत होते, आणि आतल्या खोलीत अंधाऱ्या भिंतीवर लावली.

अम्मीच्या पेटीत अजून एक कापडी बस्ता आहे. उर्दूतले सात-आठ कागद, एक मुंतखब, मुंबईच्या मुसाफिरखान्याची एक पावती. सुदैवाने ते कधी माझ्या दुकानापर्यंत आले नाहीत. भाचा पुण्याहून पाकिटे पाठवणार आहे. पावसाळा जोर धरायच्या आत ते काम उरकायचे आहे. तुमच्याही घरी असा बस्ता असेल, तर या आठवड्यात तो उघडून पाहा.